चवळीच्या उसळीतलं तिरफळ

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. अंगारे, उतारे, नवस असलं काही बाबांनी घरात शिरूच दिलं नाही. माझी शाळा सातवीत सुटली, बाकी जे काय शिकले ते आपलं आपण, पुस्तकं चाळत... पण डोकं ठिकाणावर ठेवायला बाबांनी नीट शिकवलं होतं. तरी हे लिहितेय. आता नाही लिहिलं तर राहूनच जाईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेनसिल्वेनियातलं स्टेट कॉलेज. आमचे हे तिथे पीएचडी करत होते. संसार थाटलेलं मराठी घर आमचंच, म्हणून सगळी पोरं रविवारी आमच्याकडे जेवायला. मी सगळ्यांची वहिनी. त्यातला सदानंद मालवणकडचा, लाजाळू. त्याच्या अपार्टमेंटमध्ये फोन नव्हता, म्हणून घरी त्यानं आमचाच नंबर देऊन ठेवलेला.

एका शुक्रवारी सकाळी त्याच्या मोठ्या भावाचा फोन आला. आई सिरियस आहे. "पण सदाला सांगू नका हां. बुधवारी त्याची मोठी परीक्षा आहे. ती होऊ दे, मग मीच सांगतो." यांनी "बरं" म्हटलं. आपल्याकडे असंच करतात ना... परीक्षेच्या तोंडावर पोराला वाईट बातमी द्यायची नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पोरांची डे ट्रिप ठरली होती. सदानंद अभ्यासाचं निमित्त सांगून नको म्हणत होता, आम्हीच त्याला ओढून नेलं — एकटा राहिला तर घरी फोन लावेल, ही धास्ती.

ऑक्टोबर महिना. व्हॅननं दीड तास गेल्यावर डोंगरांमधली ती दरी लागली. तिथल्या लोकांचे पणजोबा आयर्लंडहून आलेले. दगडावर दगड रचलेली कुंपणं, मेंढ्या, एवढंसं दगडी चर्च, आणि झाडं अशी लाल-पिवळी की विनय — आमच्यातला वात्रट पुणेकर — म्हणाला, "वहिनी, कुणाच्या तरी हातून हळद-कुंकू सांडलंय बघा."

एका दुकानापुढे लाकडी टेबलं होती, दुकानाच्या भिंतीला पे फोन. तिथेच जेवायला बसलो. ब्रेड आणि मी थर्मासमधून नेलेली चवळीची उसळ. चवळी अमेरिकन दुकानातली, काळा मसाला माझ्या आईनं नागपूरहून बांधून दिलेला.

सदानंद दुसऱ्या घासाला थांबला. तोंडातून काहीतरी काढून त्यानं तळहातावर ठेवलं. काळपट, उकललेलं, वाटाण्यापेक्षा लहान.

"वहिनी, तुम्हाला तिरफळ कुठे मिळालं?"

"कसलं फळ?"

"तिरफळ! आई चवळीत घालते. अगदी तिच्या हातची लागतेय."

मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. विनय म्हणाला, "मिरी असेल रे. होमसिक झालायस तू."

"मग चाव की!"

विनयनं चावलं आणि जीभ बाहेर काढून बसला. "बधिर झाली यार!" सगळे हसले. मी माझ्या प्लेटमधली उसळ चाखली, यांच्या प्लेटमधली चाखली... नुसता माझा नागपुरी मसाला. थर्मास तळापर्यंत चमच्यानं ढवळला. काही नाही. सदानंदच्या प्लेटमध्ये मात्र आणखी एक निघालं.

तो ते हातात घेऊन उठला. "घरी फोन करावासा वाटतोय. शेजारी डॉक्टर आहेत, ते आईला बोलावून आणतात."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी हळूच मान हलवली — नको.

"अरे, तिकडे रात्रीचे अकरा वाजले असतील," मी म्हटलं. "त्या डॉक्टरांना झोपेतून उठवतोस? पेपर होऊ दे, मग निवांत बोल."

"खरंच की," म्हणाला, आणि फोनपाशी गेलेला परत आला. शहाणं पोर. ऐकलं माझं.

संध्याकाळी त्याला सोडून आम्ही घरी आलो तर आमचा फोन वाजतच होता. आई गेली होती. तिकडे पहाट झालेली. "तरी बुधवारपर्यंत थांबा," भाऊ म्हणाला. आणि आम्ही थांबलो हो! रविवारी तो जेवायला आला, मी त्याला वाढलं, त्यानं आईच्या गोष्टी सांगितल्या, मी ऐकल्या.

बुधवारी पेपर झाल्यावर भावानं त्याला फोनवर सांगितलं, आणि पुढे भावाचं पत्र आलं. शेवटची रात्र आई त्या शेजारच्या डॉक्टरांच्याच दवाखान्यात होती. फोन तिच्या खाटेपासून चार पावलांवर. पूर्ण शुद्धीत होती आणि सारखी विचारत होती, सदाचा फोन आला का... सदानंदनं ते पत्र माझ्याच स्वयंपाकघरात वाचलं.

"वहिनी, ट्रिपच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

त्यानं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर मीही नसतं सांगितलं." चिडला असता, बोलणं टाकलं असतं, तर मला सोसलं असतं.

ते तिरफळ आलं कुठून? माझ्या आईला विचारलं, तिनं तर ते जन्मात पाहिलं नव्हतं. चवळीच्या पिशवीत असेल म्हणावं, तर ती मी स्वतः निवडली होती. विनय अजून शपथेवर सांगतो, चावलं ते खरं होतं. मला आजवर याचा उलगडा झालेला नाही. सदानंद आता टेक्सासला असतो. दर नव्या वर्षाला फोन करतो. या वेळी माफी मागायचीच असं मी ठरवून ठेवते... आणि गुडघ्यांचं, नातवंडांचं बोलून फोन ठेवते.