उंबरो

प्रदर्शनाच्या दालनात मधोमध जांभ्या दगडाचा उंबरा ठेवला होता. मागे घर नाही, पुढे अंगण नाही. शिल्पकाराचं गाव धरणात बुडालेलं. त्या गावासाठी त्याने तो घडवला होता. माझ्या बायकोचं, सुमनचं, माहेरही त्याच पाण्याखाली गेलेलं. ती शिल्पाजवळ खालीच बसली आणि दगडावरून हात फिरवू लागली.

साठीचा तो शिल्पकार जवळ आला, गाव विचारू लागला. "तू खंयची गो?"

सुमनने वर पाहिलं. "आमचो उंबरो असोच होतो!" म्हणाली आणि खळखळून हसली.

मग दोघं मालवणीत बोलतच राहिली. मी शेजारी उभा. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी या आवाजात कधीच बोलली नव्हती. हेल काढून, हक्काने, जरा उद्धटपणेसुद्धा. मला त्या माणसाचा विलक्षण हेवा वाटला. तिचं गाव बुडालं हे मला ठाऊक होतं. तिच्या बोलण्यात ते असं पाण्याबाहेर कोरडं, जिवंत राहिलंय हे ठाऊक नव्हतं. आणि ते बाहेर काढायला तासाभराच्या ओळखीचा माणूस लागला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "एवढं काय बोलत होतात?"

"काही नाही हो, गावाकडचं," ती म्हणाली. माझ्यासारख्याच स्वच्छ पुणेरी मराठीत.