बोटभर कड

फ्रेमवाल्याचा राग म्हणजे राग. एकदा धरला की सोडायचं नाव नाही. चित्रकारावर तो त्याने बारा वर्षं धरला होता, आणि चित्रकार वारला तरी उतरला नव्हता.

कारण ऐकाल तर हसाल. चित्रकाराने त्यांच्या गल्लीचं भलंमोठं चित्र काढलं. त्यात न्हावी होता, इस्त्रीवाली होती, सायकलच्या दुकानापुढे झोपणारं लंगडं कुत्रंसुद्धा होतं. इस्त्रीवालीच्या शेजारचं फ्रेमचं दुकान तेवढं नव्हतं. वीस वर्षं ज्याची चित्रं बसवून दिली, त्याला आपण कुत्र्याएवढेही दिसलो नाही! हे त्याला कळलं तेही चित्र वाचनालयाच्या भिंतीवर लागल्यावर, कारण काम करताना तो चित्र बघायचाच नाही. पालथं घालायचं, मागून माप घ्यायचं, खिळे ठोकून मोकळं व्हायचं. बघत बसलं की हात थांबतात, असं त्याचं म्हणणं.

चित्र बसवायला दिलं तेव्हा चित्रकार म्हणाला होता, या खेपेला कड झाकू नकोस. याने त्याला उडवूनच लावलं. बोटभर कड लाकडाच्या खाचेत गेल्याशिवाय चित्र धरत नाही. रंगवणं तुझं, बसवणं माझं.

"सुलटं करून बघ तरी एकदा," चित्रकार म्हणाला.

"मला कामं आहेत."

चित्रकारही काही कमी हट्टी नव्हता. आला तसा गेला, तो पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. चित्रकाराचं ते सांगणं आणि चित्रात नसलेलं दुकान, या दोन गोष्टींचा मेळ फ्रेमवाल्याने कधी घातला नाही. रागात कुणाला सुचतंय?

आता चित्रकाराच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं आणि नेमकी त्या चित्राच्या फ्रेमला कीड लागली होती. वाचनालयाने ते याच्याकडेच धाडलं. तो नाहीच म्हणणार होता, पण बायकोने परस्पर होकार देऊन टाकला. गेलेल्या माणसाशी कसलं भांडता, म्हणाली.

त्याने चित्र पालथं घातलं, खिळे उपटले, फ्रेम सोडवली. धूळ पुसायला म्हणून चित्र सुलटं केलं. सगळं चित्र उजेडाने फिकटलं होतं, पण उजव्या कडेची बोटभर पट्टी अगदी कोरी करकरीत. पट्टीत निळं दार. दारात स्टूल. स्टुलावर वाकून बसलेला इवलासा तो स्वतः, हातात हातोडी, पुढ्यात पालथं चित्र.

बायको आली तेव्हा तो जमिनीवर बसून रडत होता.

"मीच गं," तो म्हणाला. "मीच झाकलं मला."

नवी फ्रेम त्याने कड मोकळी ठेवून केली. खाचेशिवाय चित्र धरायला चार दिवस खपला, पण केली.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि चित्राच्या उजव्या कडेपाशी जो उभा राहिला, तो हलेचना. मागून एक मुलगी म्हणाली, "काका, जरा सरकता का? तुमच्यामुळे कड झाकली जातेय."

उभ्या जन्मात पहिल्यांदाच तो उलटून एक शब्द न बोलता बाजूला झाला.