समुद्राची चव
गावी विहिरीच्या पाण्यानं चूळ भरली की मला समुद्रकाठचं ते राष्ट्रीय उद्यान आठवतं. आमचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं, पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट. बाबांना मी मुद्दाम समुद्र दाखवायला तिथं नेलं होतं. कड्यावरच्या पायवाटेनं आम्ही तासभर चाललो, वाऱ्यानं गवत आडवं होत होतं. वाट किनाऱ्याला उतरल्यावर त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाले, "हे तं आपल्या विहिरीचंच पाणी हाय. एवढ्या दूर काहून आणलं मले?" मग दुसरी ओंजळ माझ्यापुढे धरली, "चाखून पाह्य." मी चिडून वर चढू लागलो. बाबा आता नाहीत. समुद्र किती खारट असतो, ते मला अजून माहीत नाही.