सपाट राहिलेला थर

माझ्या वाढदिवसाला आप्पांचा फोन कधीच येत नाही. यंदा आला. शुभेच्छा वगैरे भानगड नाही, थेट मुद्दा. "धरणावर नेशील का? नजर हाय तवर बघून घेतो म्हणलं."

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी एका दगडी धरणाच्या बांधकामावर गवंडी होते, आता मांडवगण फराट्याला माझ्या काकांकडे राहतात. काचबिंदूने एक डोळा गेलाय आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर तोंड उघडत नाहीत. मी हो म्हटलं, पण खरं सांगते, मनातून चिडले होते. एवढ्या वर्षांत या दिवशी हा माणूस माझ्याशी धड बोलला नाही, आणि बोलला तो धरणासाठी! लहानपणी आई दरवर्षी शिरा करायची, ताटली त्यांच्यापुढे सरकवायची. ते मान खाली घालून खायचे आणि उठून जायचे. मग आई मला चुलीपाशी बोलवून सांगायची, "मनावर घिऊ नगंस. पोरगा पायजे हुता त्यास्नी." मी एकुलती एक.

शनिवारी पुण्याहून सकाळी सहाला निघाले. तुम्हीही याच वेळी निघा, नाहीतर वाघोलीतच अर्धा दिवस जातो. शिक्रापूरला नगर रस्ता सोडून न्हावऱ्याकडे वळलं की गर्दी संपते आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, रस्ता त्यांच्याच मालकीचा. न्हावऱ्यात चहा प्यायले, चांगला होता. आभाळ मात्र सकाळपासून मळकट होतं आणि दोन्ही दिवस तसंच राहिलं.

मांडवगणला मुक्काम केला. आप्पांनी रात्रीच धुतलेला सदरा, टोपी उशाशी काढून ठेवली होती. लग्नाला निघाल्यासारखी तयारी बघून मी थोडी चेष्टा केली, तर हसले नाहीत.

रविवारी भीमेवरचा पूल ओलांडून दौंडला आलो. तिथे गरम वडापाव खाल्ला आणि सोलापूर रस्ता धरला. या रस्त्यावर खाण्याची ददात नाही, टोल मात्र आहे. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण आप्पांनी तशी अट घातली आहे. "नाव लिव्हू नगं. लोक उगं भ्यायची."

"भ्यायला काय झालं?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सांगू लागले. दगडी भिंतीचं काम थराथराने चढतं. संध्याकाळी काम सोडताना थर सपाट ठेवायचा नसतो. काही दगड अर्धे वर उभे सोडायचे, म्हणजे सकाळचा थर त्यांच्यात दातांसारखा अडकतो. सपाट ठेवला तर दोन थरांत फट राहते आणि पाणी ती हुडकून काढतं.

"येकदा म्या सपाट सोडला," आप्पा म्हणाले. "वरनं चुन्या-सिमिटाचा माल वढून गुळगुळीत केला आन् पळालो. मुकादमाचं ध्यान नव्हतं. सकाळच्याला दुसऱ्या टोळीनं तसाच त्याच्यावर थर चढवल्याचं मागनं कळलं."

"पळालात का?"

"काम हुतं."

कधीची गोष्ट, तेही सांगेनात. तेव्हापासून आजवर ते पुन्हा धरणाकडे फिरकले नव्हते.

प्रत्यक्ष धरण बघताना पहिल्यांदा छाती दडपते. तो काळ सिमेंट कमी आणि माणसं पुष्कळ असा होता, म्हणून आख्खी भिंत हाताने रचलेल्या दगडांची. वर अरुंद, पायाशी अवाढव्य रुंद. तिला ना कमान, ना टेकू. पाण्याचा सगळा रेटा ती नुसत्या वजनावर पेलते. पाणी समोरून ढकलतं तसं पायाखाली शिरून वरही उचलतं, म्हणून भिंतीच्या पोटात भुयार ठेवून तिथलं पाझरपाणी बाहेर काढतात. पायथ्याला वीजघर. मोठ्या पाइपातून पाणी खाली येतं आणि चक्रं फिरवतं. ती घरघर पायांना जाणवत होती.

भुयारात पर्यटकांना नेत नाहीत. मी आधी अर्ज केला होता म्हणून पायथ्यापर्यंत सोडलं. फोटो काढायला बंदी आहे. सोबत एक तरुण अभियंता होता, बोलायला फार गोड.

आप्पांनी वीजघराच्या भिंतीपासून पावलं मोजली, थांबले आणि वर बोट दाखवलं. तिथे दगडांवर चुन्याचे पांढरे ओघळ होते. पण तसे ओघळ भिंतभर होते. त्यांनी खालच्या दगडावर तळवा टेकवला. ओल लागली. मग चार पावलं सरकून पुन्हा टेकवला. तिथेही ओल.

"सायेब, ह्यो पाझर त्या वरच्या थरातला हाय का?"

"आजोबा, दगडी धरण थोडं पाझरतंच. आम्ही रोज मोजतो. मागे भिंतीत सिमेंट दाबून भरलंय, काळजीचं काही नाही."

"कुठल्या थरात भरलं?"

"सगळीकडेच. आता कुठला थर कुणाचा, कोण सांगणार? कधीची गोष्ट म्हणता?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ही माजी पोर झाली त्या दिसाची. राहूला, हिच्या आजोळी. सांगावा आला, बाय अडलीया, वाचती का न्हाई सांगता येत न्हाई. मंग हात थरावर थांबतोय व्हय?"

मला तिथे उभंच राहवेना. मी गाडीत जाऊन बसले आणि रडले.

परतीच्या वाटेवर दौंड मागे पडलं. मग मी विचारलं, "आप्पा, आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझ्यापायी काम कच्चं राहिलं? ती जलमभर सोताला बोल लावत बसली आसती. आन् पुढं तूबी."

"तिला वाटायचं, तुम्हाला मुलगा हवा होता."

आप्पांनी चष्मा काढला. "आसं म्हणत हुती?" मांडवगण येईपर्यंत चष्मा हातातच होता.

त्यांना सोडून संध्याकाळी पुण्यात पोचले. खर्च म्हणाल तर पेट्रोल, टोल आणि किरकोळ खाणं. थंडीत जा, वीजघर चालू असतं. आप्पा ज्यासाठी गेले होते ते त्यांना कळलं नाही आणि आता कळणारही नाही. मला जे कळलं त्याने बरं वाटायला हवं होतं. पण आईला जाऊन नऊ वर्षं झाली. मनावर घेऊ नकोस, असं ती दर वाढदिवसाला मला सांगायची, आणि तिने मात्र ते मरेपर्यंत मनावर घेतलं होतं.