सात सेकंद कुणाचे

देवानंदच्या पहिल्या बोटीला भोक मी पाडलं. नारळानं.

अंगणात बाजेवर बोट ठेवलेली होती. अन्नपूर्णावहिनींनी तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि "शिकलेल्या मानसाच्या हातून फुटू द्या" म्हणत नारळ माझ्या हाती दिला. उंद्रीच्या शाळेत तीस वर्षं मी गणित शिकवलं. समोरचं प्लायवूड तीन मिलिमीटरचं आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पण देवानंदच्या दारातून नवा छकडा निघायचा तेव्हा नारळ चाकाच्या लोखंडी धावेवर फोडायचा, हेही ठाऊक होतं. आणि ऐनवेळी माणसाला गणित आठवत नाही, रीत आठवते. मी दोन्ही हातांनी हाणला. नारळ फुटला नाही. बोट फुटली. नारळ आरपार जाऊन बाजेखाली विसावला, शेंडीसकट शाबूत.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "गुर्जी, पोरायलेबी असंच शिकवलं का हो तुमी?"

देवानंदनं भोकातून आत पाहिलं, बाहेरून पाहिलं, बोटानं कड चाचपली. मग म्हणाला, "बरं झालं. नाक तसंबी जडच व्हतं."

हा माणूस बोलायचा तो असा, तासून. त्या दिवसापासून बोटीला हात लावायची मला बंदी झाली. एक स्टॉपवॉच आणि एक वही माझ्याकडे आली. "तुमी घड्याळ पाह्यत जा, मास्तर. तुटलं तं तेच तुटन."

देवानंद सुतार. शंकरपटात बैलजोड्या पळतात ना, त्यांच्यामागचे हलके छकडे तो बांधायचा. अमडापूरपासून वडनेर भोलजीपर्यंत त्याच्या छकड्यांना नाव होतं. पटावर बंदी आली आणि ते काम बसलं. बंदी उठली तोवर लोक वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडे करून घ्यायला शिकले होते. मधल्या काळात धरणावरच्या मच्छीमार सोसायटीनं त्याला नाव दुरुस्त करायला बोलावलं. तिथं त्यानं मागं टांगायची दहा हॉर्सपॉवरची मोटर पाहिली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला की शहरातल्या एका तलावावर दर मार्चात अशाच मोटरींच्या छोट्या बोटींची शर्यत होते, आणि बोटीचा तळ ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं बांधायचा असतो. देवानंद नाव दुरुस्त करून घरी आला तो बिघडूनच आला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पटाच्या छकड्यात हाकणारा धुरकरी आखाच्या चार बोटं पुढं बसला पाहिजे. जास्त पुढं बसला तर जू बैलाच्या मानेवर पडतं, मागं बसला तर छकडा मागं लोळतो. म्हणून तो आधी धुरकऱ्याला तोलायचा, मग लाकूड कापायचा. बोटीचंही तेच. फरक एवढाच की बैल मागं जुंपलेले.

आता धुरकरी कोण? देवानंद स्वतः सत्तर किलो. माझं वजन सांगायची गरज नाही, मी एकदा विषय काढला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गुर्जी, तुमी बसले तं धरणाचं पानी वर येईन अन् खालच्या गावायले वाटन कालव्याची पाळी सुटली."

वहिनी मात्र फुंकर घातली तर उडतील अशा. लग्नात सासूनं नाक मुरडलं होतं, ही काय निंदण करणार म्हणून. पंचवीस वर्षं ऐकलेला तो टोमणा पहिल्यांदा कामाला आला. आडत्याच्या धान्याच्या काट्यावर त्यांना उभं केलं. चव्वेचाळीस किलो. देवानंदनं तो आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, आणि त्या आकड्याभोवती बोट बांधली.

दर रविवारी सोसायटीची मोटर मिळायची. पाण्यात बुडालेल्या दोन बाभळींची खोडं वर डोकावत होती, ती आमची हद्द. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, वर नारिंगी जाकीट घालून वहिनी बसायच्या, आणि काठावर सोयाबीनवाले, म्हशीवाले, सगळे येऊन उभे राहायचे. पहिल्या रविवारी त्या नुसत्या किंचाळत गेल्या. दुसऱ्या रविवारी किंचाळत परत आल्या. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, "वहिनी, भीती नाही वाटत?"

"कायची भीती? जन्मभर यायच्या मांगं बसून बैलगाडीत हाडं मोडली. आज मी म्होरं हाओ अन् हे काठावर हायेत. मजा येऊन राह्यली!"

वहीतली पहिली पक्की वेळ एक मिनिट एक्केचाळीस सेकंद. मागच्या वर्षी शर्यत जिंकलेल्या बोटीचा वेग सेक्रेटरीनं आणून दिला होता. आमच्या अंतराला तो बसवला तर एक मिनिट पस्तीस येत होते. सहा सेकंद कापायचे होते.

देवानंदनं एक तळ बाजूला ठेवून दुसरा बांधला. त्याच्या पोटात आडवी पायरी काढली, अर्ध्या बोटाची, म्हणजे बोट धावताना पाण्याला चिकटू नये. आणि वेळ उतरायला लागली. चाळीस. एकोणचाळीस. तो रंधा घ्यायचा, तळ चाटूनपुसून गुळगुळीत करायचा, आणि पुढच्या रविवारी आणखी एक सेकंद गळायचा. बोटीचं नाक मात्र वर व्हायला लागलं. "पाह्यलं का मास्तर? पायरी उचलून राह्यली तिले," म्हणत तो वहिनींची बैठक दोन बोटं पुढं सरकवायचा. पुढच्या आठवड्यात आणखी दोन बोटं.

एकदा वहिनी उतरल्या त्या पोट धरून काठावर बसल्या. "पानी लय आपटते हो खालून," म्हणाल्या. देवानंदनं त्याच रात्री गोधडीचा तुकडा दुमडून बैठकीला शिवला. सुतारानं शिवलेली उशी, तीन कोपऱ्यांची. वहिनी हसल्या. हसून झाल्यावर जेवायला मात्र नको म्हणाल्या. आम्ही दोघं जेवलो. मी दोनदा वाढून घेतलं, हे मला आजही घशाखाली उतरत नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी घड्याळात एक मिनिट चौतीस लागले. सात सेकंद! मी, साठीचा माणूस, काठावर नाचलो. म्हशी बुजल्या. देवानंद नाचला नाही. गुडघाभर पाण्यात गेला आणि बोटीच्या नाकावर थाप मारली. वहिनी आत बसून होत्या. थाप त्यांना मारायला हवी होती, हे तेव्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

फेब्रुवारीत त्या न्हाणीत पडल्या. जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी काट्यावर उभं केलं. मी शेजारीच होतो. तेहेतीस किलो.

देवानंद काट्याकडे पाहत राहिला. "अकरा कमी," एवढंच म्हणाला.

पोटातला आजार फार पुढं गेला होता. मार्चची शर्यत कधी झाली आम्हाला कळलं नाही. वैशाखात वहिनी गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. मला म्हणाल्या, "गुर्जी, जेवन जात नाई हे मले दिवाळीतच समजलं व्हतं. पन दर आयतवारी हे इतके खुश असत. म्हनलं, शर्यत होऊन जाऊ द्या, मंग सांगू." हे देवानंदला सांगायचं नाही अशी शपथ त्यांनी घातली. मी ती पाळली आहे. हे छापलं जाईल तेव्हा मोडेल.

तो लाकूड दोनदा मोजणारा माणूस. बायको एकदाच मोजली.

तेराव्यानंतर त्यानं माझ्याकडून वही मागून घेतली. पावसाळाभर ती त्याच्या खिशात होती. काम करायचा, बाजांचे पाय, दारं, एक पाळणासुद्धा. बोटीचं नाव काढायचा नाही. मला वाटलं, विसरतोय. मग डिसेंबरात रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं आणि तो सकाळीच दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, चला. दोन्ही तळ तोलून पाह्याचे हायेत."

काय करायचं ते त्यानं वाटेत सांगितलं. कालव्याच्या काठानं रस्ता जातो. मोटरसायकलला दोर, दोराला कापूस तोलायचा तबकडीचा काटा, आणि दुसऱ्या टोकाला कालव्यात बोट. दोन पुलांमध्ये एकाच वेगानं ओढायची. पाणी बोटीला किती धरतं ते काटा सांगणार. आधी जुना साधा तळ, मग पायरीचा. दोन्हीत मोटरच्या जागी तेवढाच दगड, आणि बैठकीवर सोयाबीनचं पोतं. चव्वेचाळीस किलोचं.

"नव्या तळाचा आकडा कमी आला," तो म्हणाला, "तं ते सात सेकंद पायरीचे."

सारखाच आला तर कुणाचे, हे तो बोलला नाही.

पोतं त्यानं स्वतः ठेवलं, तीन कोपऱ्यांच्या उशीवर. मोटरसायकलचा आरसा फडक्यानं पुसला, जरा वळवला. मी मागच्या सीटवर उलटा बसलो, मांडीत वही, नजर काट्यावर. रस्त्यावरून जाणाऱ्या बायांना हे ध्यान पाहून हसू आवरेना. एकीनं ओरडून विचारलं, "गुर्जी, रुसून चालले का?"

जुना तळ ओढला. दोन पुलांमध्ये काटा बावीसवर स्थिर होता. मी मोठ्यानं "बावीस" म्हणालो.

मग पायरीचा तळ. ज्याला सगळा हिवाळा रंधा मारला होता तो. उशी त्यात ठेवली, वर पोतं ठेवलं. देवानंदनं गाडी सोडली, बोट पाण्यावर चढली, नाक खाली, अगदी सरळ. देखणी चालली होती. काटा थरथरला, चढला आणि थांबला.

बावीस.

मी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. दुसरा पूल जवळ येत होता. तीस वर्षांत एकाही पोराला मी फुकटचा मार्क दिला नव्हता. देवानंदची पाठ माझ्या पाठीला टेकली होती आणि ती श्वास घेत नव्हती.

"अठरा!" मी ओरडलो. "देवानंद, अठरा! चार किलो कमी! अरे, पायरीचेच होते ते सेकंद!"

पुलाजवळ त्यानं गाडी थांबवली. पाय टेकला. मान वळवली नाही.

"मास्तर, आरसा काट्यावरच लावला हाये."