हार घातलेल्या गाड्या आणि अडून बसलेला दांडा

दसऱ्याच्या सकाळी बोईसरला आमच्याच पार्किंगमध्ये, आमच्याच गाडीत, आमच्याच गेटसमोर मी अडकून बसले होते...

स्टेशनजवळ बाबांनी ठेवलेला एक मोकळा प्लॉट आहे. तिथे आम्ही पे अँड पार्क चालवतो आणि मागच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहतो. आजूबाजूच्या खोल्यांमधून राहणारे कंपन्यांतले लोक आपल्या गाड्या, रिक्षा, टेम्पो रात्री आमच्याकडे लावतात.

आमच्या गेटवरचा माणूस मासवणच्या पलीकडचा. दसरा आला की तो भातकापणीला गावी जातो, आणि जायलाच हवं त्याला. मग गेटवर मी.

यापायी गेली दोन वर्षं आईचा दसरा हुकला. घिवलीला तिची मोठी बहीण असते, ती आता अंथरुणावरून उठत नाही. दसऱ्याला ताईच्या हातात सोनं द्यायचं, हा आईचा लग्नाआधीपासूनचा नेम. त्यात मधे आईला अर्धांगाचा झटका आला... यंदा ती एकदाच म्हणाली, "पुढल्या साली आमी दोगी असू का, काय म्हाईत."

म्हणून मी ते मशीन घेतलं. गेटवर आडवा दांडा, त्याच्यासमोर कॅमेरा. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, पासवाला ओळखतो, दांडा आपोआप वर. कंपनीचा माणूस म्हणाला होता, मॅडम, आता तुम्ही कुठेही जा, सगळं मोबाइलवर दिसेल.

मला सगळं मोबाइलवर बघायचं नव्हतं हो. मला फक्त एक दिवस घिवलीला जायचं होतं.

दसऱ्याला उजाडल्या उजाडल्या लोक बादल्या घेऊन पार्किंगमध्ये आले. गाड्या धुतल्या, हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि झेंडूचे हे एवढे हार पुढे बांधले. बहुतेकांचे नंबर प्लेटवरून लोंबणारे. कुणीकुणी तर प्लेटवरच कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं... इतकं छान दिसत होतं सगळं. मी फोटोसुद्धा काढले. डोक्यात काही आलं नाही.

पहिली रिक्षा गेटवर गेली आणि दांडा हललाच नाही. "आपले वाहन ओळखता आले नाही. कृपया मागे जा." तिच्या मागे टेम्पो, त्याच्या मागे आणखी गाड्या. ती रेकॉर्ड केलेली बाई आपली शांतपणे सगळ्यांना मागे पाठवतेय आणि मागे जायला जागाच नाही!

मी ॲपमधून दांडा उघडायला लागले. एक गाडी गेली की तो खाली. पुन्हा उघडा, पुन्हा खाली. असंच करत बसायचं तर मी आधी बरी होते की...

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. "मॅडम, सबको बोलिए माला निकाल दें, सिस्टम में कोई दिक्कत नहीं है."

म्हणजे दिक्कत आमच्यात.

मी रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी जाऊन हार जरा बाजूला घ्यायला सांगितलं. ती शिंदेभाऊंची, मूळचे सोलापूरकडचे, तारापूरच्या एका कंपनीत आहेत. त्यांनी काच खाली केली.

"ताई, आजच्या दिवशी हार काढू? वर्षभर हीच गाडी चालवायचीय मला." मग हळूच म्हणाले, "आधी तुमच्या गाडीचा काढून दाखवा."

मी मागे वळून पाहिलं. रांगेत मधेच आमची गाडी होती. आई पुढच्या सीटवर, नवं लुगडं नेसून, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी.

आमच्या गाडीचाही हार बरोबर नंबर प्लेटवर होता. आईला फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून तिने खुर्चीत बसून, हात पोचेल तिथे बांधला होता. झेंडू आणि भाताच्या लोंब्या. आजारपणानंतर उजव्या हाताने मारलेल्या तिच्या पहिल्या गाठी. सैल, वाकड्या... त्या मी सोडू?

मी तिच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटत होतं, खरं सांगते. म्हटलं, आई, उशीर होतोय, हे मशीन ऐकत नाहीये.

आईने गेटकडे नीट पाहिलं.

"सगल्या गाड्यांना हार घातले. याला नाय घातलास?"

नव्हता घातला. इतक्या लोकांनी आपापल्या यंत्रांची पूजा केली, आणि आमच्या दारातलं सगळ्यात नवीन यंत्र तसंच उघडंबोडकं उभं होतं.

आईने मावशीच्या दारासाठी केलेला हार पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. पूजा करायची तर आज त्याला सुट्टीही देऊ, म्हणून मी घरात जाऊन ड्रॉवरमधली मॅन्युअलची, म्हणजे दांडा हाताने उघडायची चावी आणली. ती लावली की गाड्यांची नोंद होत नाही, म्हणून तिला हात लावायचा नाही असं मीच ठरवलं होतं. फिरवली. दांडा सरळ वर गेला आणि तसाच राहिला. शिंदेभाऊंनी गाडीतून उतरून माझ्याकडचा हार मशीनच्या पेटीला बांधला, हळदकुंकू लावलं, कॅमेऱ्याला नमस्कारही केला. मागून कुणीतरी "चलो भाई, दर्शन हो गया" म्हणालं आणि रांग सुटली.

वाटेतलं कुंभवली गाव मागे पडेपर्यंत मोबाइल वाजत होता. बॅरियर उघडा आहे. बॅरियर उघडा आहे. शेवटी मी तो बंद करून टाकला.

घिवलीला मावशीने पलंगावरूनच हात पुढे केला. आईने उजव्या हाताने तिच्या तळव्यावर पान ठेवलं. ठेवताना पान घसरलं, तर मावशीने मूठच मिटून घेतली.

परत आलो तेव्हा दांडा तसाच वर होता. दिवसभरात कोण आलं, कोण गेलं, मला माहीत नाही आणि मी बघितलंही नाही. आईला तिच्या ताईकडे नेता यावं म्हणून मी ते मशीन आणलं होतं... त्या दिवशी ते एका जागी गप्प उभं राहिलं आणि त्याने आम्हाला जाऊ दिलं, एवढ्यासाठी त्याचे आभार.