एक गाठ का दोन?

“गाठी किती वं, एक का दोन?”

धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू इतर काही बोलण्याआधी हेच विचारायच्या. भिंग माझ्या हातात कोंबायच्या आणि पायरीवरच्या मुंगीकडे बोट दाखवायच्या. मुंगीच्या बारीक कंबरेवर कुठे एक गाठ असते, कुठे दोन, आणि त्यावरून तिचं कूळ ओळखायचं. मी नवी नवरी. सासरच्या माणसांची नावंही अजून पाठ नव्हती आणि काकू मला मुंग्यांची कुळं शिकवत होत्या!

तुम्ही त्यांना बाहेर पाहिलं असतं, तर बाईंचं काहीतरी हरवलंय असंच वाटलं असतं. एकदा बर्डीच्या बाजारात दोघी साडी घ्यायला गेलो, तर दुकानाच्या पायरीवरच काकू ओणव्या. “अवं, हे पाह्य! बुड वर करून चालून राह्यली! आपल्या चिंचेवरची हाये!” दुकानदारही गादीवरून उठून आला. भिंगातून बराच वेळ बघून म्हणाला, “दोन गाठी दिसून राह्यल्या, बाई.” काकू इतक्या खूश झाल्या की साडी राहूनच गेली.

आपण साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवतो, मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून. काकूंची बरणी ताटलीत असायची ती मुंग्या बाहेर जाऊ नयेत म्हणून. आत ओलसर माती, तोंडाला फडकं, आणि काळ्या मुंगळ्यांची राणी. पंख झडलेली, एकटीच सापडली होती ती काकूंना. तिच्याच अंड्यांतून बरणीतलं सगळं कुटुंब उभं राहिलं होतं.

“राणी हाये तं घर हाये,” काकू म्हणायच्या. “ते गेली की संपलं सारं.”

त्या मे महिन्यात त्यांची नणंद माहेरपणाला आली. भारी कामसू बाई. कैरीच्या लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला नेल्या, त्यांच्याबरोबर फडकं बांधलेली हीही नेली!

भर दुपारी काकूंना नुसती ताटली दिसली. त्या अनवाणीच गच्चीवर धावल्या, मी मागे. नागपूरचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको. पदरात धरून त्यांनी बरणी जिन्यात आणली. वरची माती कोरडी ठणठणीत, एक मुंगळा दिसेना.

“मेली वं माह्यी राणी,” म्हणत त्या पायरीवर मटकन बसल्या.

“वहिनी, मले काय मालूम?” नणंद रडकुंडीला आली. “फडकं पाहून लोणचंच वाटलं ना!”

मी बरणी तिरपी केली. अगदी तळाशी थोडी ओल उरली होती. तिथे सगळे मुंगळे दाटीवाटीने गोळा झालेले, काहींच्या तोंडात अंडी, आणि मधोमध राणी मिशा हलवत होती!

काकू अशा ओरडल्या की समोरच्या घरातले लोक धावत आले. प्रत्येकाने भिंगातून राणी पाहिली. “एकच गाठ हाये, वहिनी!” नणंद म्हणाली, आणि काकूंनी तिला सगळं माफ केलं.

पुढे काकू मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या. बरणी बरोबर नेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती माझ्या अंगणातल्या कडुनिंबाखाली हलकेच उपडी केली. “तिथची माती यायले मानवली नाही तं? तूच पाह्यजो वं यायच्याकडे.” भिंगही मलाच दिलं. दोघी रडलो.

काही वर्षांनी, पावसाळ्यात, काकू गेल्याचा ट्रंककॉल आला. मला घरात बसवेना. मूठभर साखर घेऊन कडुनिंबाखाली गेले. बुंध्याशी नुसती लगबग चालली होती. पंखवाल्या, मोठ्या, काळ्याभोर मुंग्या एकीमागून एक बाहेर पडत होत्या. सासरी निघालेल्या नव्या राण्या! मी धावत जाऊन भिंग आणलं. एक माझ्या मनगटावर चढली.

“काकू, एकच गाठ!” शेजारच्या बंद खिडकीकडे बघून मी मोठ्याने ओरडले.